ज्वारीचा तिरामिसू आणि गावची गिरणी

कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचे थर, मध्ये घट्ट गोड मलईसारखे चीज आणि वर कोकोची कडसर पूड. इटलीचा हा तिरामिसू आता पुण्या-मुंबईच्या लग्नाच्या पंगतीतही दिसू लागला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, सास्तूरसारख्या गावात त्याचे नाव काढले तर लोक हसतील. हसू द्यावे. पण याच गोडाची ‘ग्लूटेनमुक्त’ आणि ‘हलकी’ अशी जी आवृत्ती शहरात चढ्या भावाने विकली जाते, तिचे दोन मुख्य जिन्नस म्हणजे ज्वारी आणि दही. सास्तूरच्या कोणत्याही घरात ते आजही सापडतील. मग हा पदार्थ इथे होऊ शकतो का? होऊ शकतो, आणि चांगला होऊ शकतो. मात्र त्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ ही चिठ्ठी आज लावता येणार नाही. अडचण कृतीत नाही, गावच्या गिरणीत आहे. म्हणूनच या विषयाला इथे जागा द्यावीशी वाटली.

आधी मूळ पदार्थाविषयी. तिरामिसू फार जुना असावा असा अनेकांचा समज असतो, पण त्याचे वय जेमतेम अर्धशतकाचे आहे. उत्तर इटलीतल्या त्रेविझो शहरात ‘ले बेक्केरिए’ नावाचे उपाहारगृह होते. १९७०च्या सुमारास त्याच्या मालकीणबाई आल्बा काम्पेओल आणि तिथले आचारी रोबेर्तो लिंगुआनोत्तो यांनी तो घडवला, असे बहुतेक जण मानतात. शेजारच्या फ्रिउली प्रांताला हे मान्य नाही. तिथले लोक आपल्याकडच्या जुन्या हॉटेलांचे दाखले देतात, आणि २०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयाने पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसू फ्रिउलीच्या नावावर नोंदवला तेव्हा त्रेविझोत बराच गहजब झाला. पुरणपोळी कोणाची यावर आपल्याकडे भांडण होत नाही, हे आपले नशीब. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्रेविझोच्या कृतीतले साहित्य: अंड्यातला पिवळा बलक, साखर, मास्कारपोने नावाचे चीज, सावोयार्दी नावाची बोटाएवढी लांब बिस्किटे, कॉफी आणि कोको. दारू नंतरच्या लोकांनी घातली. मुळात ती नव्हती, त्यामुळे ती वगळताना आपण काही कमी करतो आहोत असे वाटायचे कारण नाही.

या यादीत गहू एकाच ठिकाणी आहे, बिस्किटात. आणि गव्हावाचून काम भागवणे सर्वांत सोपे आहे तेही या बिस्किटातच. पावाचा सगळा डोलारा ग्लूटेनवर उभा असतो. गव्हातली दोन प्रथिने पाणी लागताच एकमेकांत गुंततात, त्यांचे लवचीक जाळे होते, त्या जाळ्यात हवा अडकते आणि पाव फुगतो. सावोयार्दीचे तसे नाही. ते फुगते अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या फेसावर. पीठ त्यात फक्त टेकू देण्यापुरते असते. किंबहुना त्यात ग्लूटेनचे जाळे झाले तर बिस्किट चिवट होते, म्हणून आचारी पीठ अलगद मिसळतात. ग्लूटेन नकोच असलेल्या जागी ज्वारी बसवणे अवघड नाही. शिवाय बिस्किट शेवटी कॉफीत भिजणार असते. ज्वारीच्या केकचा मोठा दोष म्हणजे त्याचा कोरडा, भुसभुशीत घास, आणि तो इथे कॉफीच झाकून टाकते. ग्लूटेनमुक्त पाकक्रियेची सुरुवात ज्याला करायची आहे त्याने पावाच्या नादी न लागता तिरामिसूपासून करावी, असे आमचे मत आहे.

ज्वारीत ग्लूटेन नाही हे आपल्या बायकांना प्रयोगशाळेने सांगावे लागलेले नाही. पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते, यात सगळे आले. ज्वारीची प्रथिने ताणली जात नाहीत. त्यामुळे गार पाण्यात भिजवलेले पीठ हाताखाली चिरते. यावर जुना उपाय म्हणजे आधणाचे पाणी. उकळते पाणी पडले की पिठातले पिष्ट फुगून चिकट होते आणि ग्लूटेनने करायचे काम काही अंशी तेच करते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि आधण घालूनही भाकरीच्या कडा फाटतात. तिरामिसूच्या बिस्किटालाही हा नियम लागू आहे. ज्वारीच्या पिठात धान्याच्या अंकुराचा भाग राहतो आणि त्यातले तेल लवकर खवट होते. चार-सहा दिवसांत दळलेले पीठ वापरावे, आणि ते भाकरीच्या नव्हे तर मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळावे. भाकरीत रवाळपणा खपतो, इथे खपत नाही. जिभेवर वाळू आल्यासारखे लागते.

कृती आठ जणांपुरती सांगतो. चार अंड्यांचे पांढरे आणि पिवळे बलक वेगळे करावेत. पांढऱ्यात थोडी थोडी करत ऐंशी ग्रॅम साखर घालून भांडे उलटे केले तरी पडणार नाही इतका घट्ट फेस आणावा. त्यात पिवळे बलक, मग नव्वद ग्रॅम ज्वारीचे पीठ आणि तीस ग्रॅम साबुदाण्याचे वस्त्रगाळ पीठ हलक्या हाताने मिसळावे. साबुदाणा घातल्याने ज्वारीचा कोरडेपणा कमी होतो. हे मिश्रण पसरट डब्यात ओतून, कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मिठाचा थर देऊन मंद आचेवर भाजावे. गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेण्याचा मोह होईल. तो का टाळायचा ते पुढे येईल. गार झाल्यावर बोटाएवढ्या पट्ट्या कापून त्या तव्यावर पुन्हा कोरड्या कराव्यात. मूळ बिस्किट कडक असते म्हणून ते कॉफीत बुडवून काढता येते. आपली पट्टी बुडवली तर कपातच राहील. ती भांड्यात मांडून वरून चमच्याने कॉफी सोडावी.

हलकेपणाचा प्रश्न बिस्किटात नाहीच, आणि इथे जाहिरातींनी फार घोळ घातला आहे. शंभर ग्रॅम मैदा आणि शंभर ग्रॅम ज्वारी यांच्या उष्मांकांत फारसा फरक नाही. दोन्ही साडेतीनशेच्या आसपास. ज्वारीत तंतू जास्त आहेत, लोह आणि इतर खनिजे जास्त आहेत, पण ज्वारीचा केक खाल्ला म्हणून वजन उतरत नाही, आणि मधुमेही माणसाला साखरेची सूट मिळत नाही. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणजे ‘हलके’ ही समजूत दुकानदारांच्या सोयीची आहे. दुकानातल्या अनेक ग्लूटेनमुक्त बिस्किटांत तर ग्लूटेनची उणीव भरून काढायला तूप-साखर वाढवलेली असते.

तिरामिसू जड होतो तो मास्कारपोनेमुळे. सायीला तापवून, आंबट घालून, फडक्यात निथळून हे चीज करतात. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम स्निग्धांश असतो. नेहमीच्या घरगुती कृतीतल्या पाचशे ग्रॅम मास्कारपोनेतून दोन हजारांहून अधिक उष्मांक येतात. त्याच्या जागी चक्का घेतला की चित्र बदलते. श्रीखंडासाठी दही बांधतात तसेच बांधायचे, फक्त दही ताजे आणि गोडसर हवे; आंबट दह्याचा चक्का कॉफीच्या कडवटपणाशी भांडतो. साधारण तीन टक्के स्निग्धांशाच्या गायीच्या दुधाचा चक्का असेल तर त्यात स्निग्धांश आठ-दहा टक्के निघतो आणि पाचशे ग्रॅममधून साडेसातशे-आठशे उष्मांक मिळतात. आपल्याकडे म्हशीचे दूध जास्त. त्याची साय न काढता दही लावले तर चक्क्यातला स्निग्धांश दुपटीच्या पुढे जाईल आणि हलकेपणाचा दावा तिथेच संपेल. म्हणून साय काढून दूध विरजावे. पावणेदोन-दोन लिटर दुधाचा अर्धा किलो चक्का निघतो. तो पुरणयंत्रातून किंवा चाळणीवरून घोटून त्यात साठ ग्रॅम पिठीसाखर आणि शंभर ग्रॅम ताजी मलई घालावी. मलई पूर्ण टाळू नये. ती नसेल तर चव श्रीखंडाच्या वळणावर जाते आणि खाणाऱ्याला आपण फसवले गेलो असे वाटते. मूळ पदार्थाच्या आठव्या हिश्श्यात सुमारे पाचशे उष्मांक असतील तर या कृतीत ते तीनशेच्या आत येतात. हिशेब ढोबळ आहे, पण फरक खरा आहे.

भूम, कुंथलगिरीकडचा खवा प्रसिद्ध, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले. तेव्हा चक्क्याऐवजी खवा का नको, असे जिल्ह्यातला कोणीही विचारेल. खव्याने चव उत्तम येईल. पण मग तो हलका तिरामिसू राहणार नाही, आणि त्याला दुसरे नाव द्यावे लागेल.

कच्च्या अंड्याचा प्रश्न आपोआप सुटला. मूळ कृतीत बलक मलईत कच्चाच घोटतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तो धोका पत्करू नये; इथे तो बिस्किटात भाजला जातो. अंडे अजिबात न खाणाऱ्या घरात मात्र बिस्किट अवघड होते. गहूही नाही आणि अंडेही नाही म्हटल्यावर पिठाला धरून ठेवणारे काहीतरी हवेच. इसबगोलाची भुशी ते काम करते. जगभरचे ग्लूटेनमुक्त बेकर तीच वापरतात आणि ती बहुतांशी आपल्या गुजरात-राजस्थानातून जाते. दही, सोडा, इसबगोल आणि ज्वारीचे पीठ यांचा केक दडस होतो, पण कॉफीत भिजल्यावर चालून जातो.

कॉफी साधी, बाटलीतली चालते. त्यातल्या चिकोरीत ग्लूटेन नसते. सावध राहायचे ते कोकोच्या जागी घरातली ‘शक्तिवर्धक’ पूड टाकताना. दुधात घालून मुलांना देतात त्या माल्टच्या पुडीत बार्ली आणि बहुधा गहूही असतो, आणि बार्लीतही ग्लूटेन आहेच. आपल्याकडे सातूचे पीठ म्हणून जे मिळते त्यातही बऱ्याचदा गहू असतो. आणि ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही तो म्हणजे हिंग. बांधणीचा हिंग करताना त्यात गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळतात. तिरामिसूत हिंग नाही हे खरे, पण ज्याच्यासाठी हा तिरामिसू करायचा तो माणूस रोज वरण-भात खातो.

तो माणूस कोण, हे आता पाहू. सिलिअॅक नावाचा आजार असलेल्यांना ग्लूटेन पूर्ण वर्ज्य असते. ही नुसती अॅलर्जी नव्हे. शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना लहान आतड्याचे स्वतःचेच अस्तर खराब करते. अन्नरस शोषणारी तिथली बारीक लव झिजते. मग जुलाब, पोट फुगणे, मुलांची वाढ खुंटणे, लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारे रक्त अशा रूपांत आजार दिसतो, आणि कधी वर्षानुवर्षे दिसतच नाही. गव्हाचा हात यात आहे हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या उपासमारीत हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्याची आजारी मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० साली त्याने आपला प्रबंध सादर केला. उत्तर भारतात झालेल्या पाहणीत शंभरात सुमारे एकाला हा आजार आढळला; दक्षिणेत, जिथे भात मुख्य, तिथे प्रमाण बरेच कमी. आपण या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात राहतो, आणि आपल्या ताटातला गहू वाढतो आहे.

तो का वाढला हेही सांगायला हवे. मराठवाड्यात पोळी ही सणाची आणि पाहुण्यांची होती, भाकरी रोजची. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले आणि हळूहळू गरिबाच्या घरात पोळी आली. अन्नसुरक्षा कायद्याने तो गहू दोन रुपये किलो झाला आणि २०२३पासून फुकट. त्याच काळात शेतातून ज्वारी हटत गेली, खरिपात सोयाबीन आले. आता बाजारात चांगला शाळू गव्हापेक्षा महाग मिळतो. गरिबीची खूण म्हणून जिची लाज वाटायची ती भाकरी आज ढाब्यावर चुलीच्या नावाने जास्त पैसे देऊन खाल्ली जाते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष जाहीर केले, भाषणे झाली, ज्वारीचे लाडू आणि चिवडे प्रदर्शनांत मांडले गेले. त्यांतल्या अनेक पाकिटांवर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापलेले होते. ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम स्पष्ट आहे. ग्लूटेनमुक्त म्हणायचे तर एका किलोत जास्तीत जास्त वीस मिलिग्रॅम ग्लूटेन चालते. आंतरराष्ट्रीय मानकही तेच. वीस मिलिग्रॅम म्हणजे किती? गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लूटेन धरले तर किलोभर ज्वारीच्या पिठात कणीक जाऊ शकते एक-पंचमांश ग्रॅम. चिमटीत येते त्याहूनही कमी. आता गिरणीत या. एकीचे गव्हाचे दळण झाले आणि त्याच दगडावर दुसरीची पाच किलो ज्वारी पडली. दगडांच्या खाचांत, पीठ पडते त्या कापडी बाहीत, खालच्या डब्यात मूठभर कणीक राहिलेली असते. ती पन्नास ग्रॅम धरू. म्हणजे ज्वारीत एक टक्का गहू. ग्लूटेन झाले किलोला एक हजार मिलिग्रॅम, मर्यादेच्या पन्नास पट. असल्या पिठाच्या दोन भाकरी खाल्ल्या की दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन पोटात जाते. इटलीतल्याच संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिलिअॅकच्या रुग्णांना रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिले, आणि तेवढ्यानेही आतड्यावर परिणाम दिसला. तिरामिसू माणूस सणासुदीला खाईल. भाकरी तो दोन्ही वेळा खातो, आणि ‘मी गहू सोडला आहे’ अशा विश्वासाने खातो.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. २०१० साली अमेरिकेत निसर्गतः ग्लूटेन नसलेल्या धान्यांच्या आणि पिठांच्या बावीस नमुन्यांची तपासणी झाली. सात नमुने वीस मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर गेले. तिथे कारखाने होते, इथे गिरणी आहे, एवढाच फरक. मळणीयंत्र गव्हाचे आणि ज्वारीचे एकच असते. पोती एकच असतात. आडतीत ढीग शेजारी शेजारी लागतात. घरात चाळणी, परात, लाकडी पोळपाट सामाईक, आणि या सगळ्यांत चाळणी सर्वांत वाईट, कारण तिच्या जाळीतली कणीक धुऊनही निघत नाही. बेकरीची भट्टी टाळायला सांगितले ते याचसाठी. तिथे हवेतच मैदा तरंगत असतो आणि प्रत्येक ताटलीवर बसतो.

सिलिअॅक नसलेल्या माणसाला यातल्या कशाचीही चिंता करण्याचे कारण नाही. त्याने गिरणीतली ज्वारी खुशाल खावी, पोळीही खावी. गहू बंद केल्याने हलके वाटते म्हणणारे अनेक असतात. त्यांच्याशी वाद नाही, फक्त एक विनंती आहे. आजाराची शंका असेल तर रक्ताची तपासणी होईपर्यंत गहू सोडू नये. गहू बंद केला की रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान हुकते. आधी डॉक्टर, मग ज्वारी, हा क्रम उलटा करू नये.

आता गिरणीकडे परत येऊ, कारण तिथे निराशेचे कारण नाही. धान्य वेगळे ठेवणे, दगड साफ करणे, एकाचा कण दुसऱ्यात जाऊ न देणे हे आपल्या गावांना नवीन नाही. नवरात्र जवळ आले की तुळजापूरच्या भोवतालचा हा सगळा मुलूख उपवासाला लागतो. भगर, राजगिरा, शिंगाडा यांचे दळण येते तेव्हा गिरणीवाला आधी दगड साफ करतो, पहिले मूठभर पीठ बाजूला काढतो, काही ठिकाणी त्या दळणाला वेगळा वार असतो. बाई उभी राहून पाहते की आधी कोणाचे दळण झाले. उपवास मोडू नये म्हणून ही जेवढी काळजी घेतली जाते, तेवढीच एखाद्या मुलीच्या आतड्यासाठी घ्यायला कोणता शास्त्रार्थ आड येतो? फरक एवढाच की श्रद्धेला मूठभर पीठ बाजूला काढणे पुरते, ग्लूटेनला पुरत नाही. त्याला दगडच वेगळा हवा.

वेगळा दगड म्हणजे मोठा कारखाना नव्हे. महिलांना घरघंटी देण्याच्या योजना जिल्हा परिषदा राबवत आल्या आहेत. अशी एक घरघंटी, जिच्यात पहिल्या दिवसापासून गव्हाचा दाणा पडलेला नाही, ही सास्तूरसारख्या गावाची खरी गरज आहे. ती चालवायला माणसे आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने किल्लारीबरोबर सास्तूरही उद्ध्वस्त केले. त्यानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या आणि घरबांधणीच्या कामावर देखरेख करू लागल्या. त्या कामातून वाढलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने लातूर-धाराशिवच्या शेतकरी महिलांना एक एकरात घरापुरते धान्य आणि भाजी पिकवायला लावले. २०१७ साली तिला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. भिंतीच्या विटा मोजून घेणाऱ्या या पिढीला पोती मोजणे, दळणाची नोंद ठेवणे आणि गहू उंबऱ्याबाहेर ठेवणे जमणार नाही असे म्हणणे हास्यास्पद ठरेल.

पैशाची सोय आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत कर्जाला जोडून पस्तीस टक्के अनुदान मिळते, कमाल दहा लाखांपर्यंत. बचत गटाच्या प्रत्येक सदस्याला चाळीस हजारांपर्यंत बीज भांडवल मिळू शकते. जिल्हा प्रशासनाला आणि कृषी विभागाला आमचे सांगणे एवढेच की ज्वारीच्या नावाने आणखी एक महोत्सव भरवण्याआधी तीन गोष्टींवर खर्च करावा. माळदांडी किंवा परभणी मोतीसारखा शाळू पेरणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला स्वतंत्र मळणीयंत्र द्यावे, निदान गव्हाच्या आधी ज्वारीची मळणी होईल असे वेळापत्रक करावे. नवी, गव्हाला न लागलेली पोती पुरवावीत. आणि प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च पहिली काही वर्षे सरकारने उचलावा, कारण लहान गटाच्या नफ्यात तो बसत नाही आणि तपासणीवाचून पाकिटावर काही छापणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे.

हे होईपर्यंत गावातल्या गटांनी ज्वारीचे पदार्थ ‘ज्वारीचे’ म्हणूनच विकावेत. त्यात कमीपणा नाही. उलट गिऱ्हाईक ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतो तीच त्याला मिळते. घरी सिलिअॅकचा रुग्ण असेल त्यांनी ज्वारी स्वतः निवडून, धुऊन, वाळवून घरच्या वेगळ्या घरघंटीवर किंवा जात्यावर दळावी. अनेक घरांच्या कोपऱ्यात जाते अजून पडून आहे. ते नीट घासून, धुऊन घेतले आणि यापुढे फक्त ज्वारीसाठी ठेवले तर आठ जणांच्या तिरामिसूला लागणारे नव्वद ग्रॅम पीठ निघायला दहा मिनिटे लागतात.

गिरणीवाल्याचाही विचार करायला हवा. त्याच्याकडे रांग गव्हाची लागते. ज्वारीसाठी दगड वेगळा ठेवायचा तर त्याची जागा, वीज आणि वेळ अडकते. अशा दळणाला किलोमागे जास्त दर द्यावा लागेल, आणि तो दर रुग्णाच्या घरावर न टाकता गटाच्या विक्रीतून निघाला पाहिजे. इटलीत सिलिअॅकच्या रुग्णाला ग्लूटेनमुक्त अन्नासाठी सरकार दरमहा ठरावीक मदत देते. आपल्याकडे ती लगेच येईल असे नाही. पण रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी घेण्याचा पर्याय अशा रुग्णाला देणे आजच्या कायद्यातही बसते, कारण अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद पहिल्यापासून आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, पुरवठा विभागाचा एक आदेश पुरतो.